निवडणीची विद्या

धान्य दळावयास नेण्यापूर्वी निवडावे लागते, हे आपल्या घरांतून कोणास शिकवावे लागत नाही. सुपात दिसणारा खडा सहज उचलता येतो. तोच पिठात गेला की कोणाच्याच हाती लागत नाही. टाकाऊ वस्तूंनाही हाच न्याय लागू पडतो. कागद, काच, पत्रा, चिंध्या आणि खरकटे जोवर निरनिराळे असतात, तोवर त्या प्रत्येकाला काही मोल असते. ते एकत्र कालवले म्हणजे त्यांचा कचरा होतो. ही साधी गोष्ट समाजाला कळूनही वळावयास किती काळ लागला, याचा इतिहास उद्बोधक आहे. त्या इतिहासात विद्यापीठांचा आणि तेथील अध्यापकांचा संबंध वारंवार येतो, हे विशेष.

प्रथम आपण अठराव्या शतकातील जर्मनीकडे वळू. ग्यॉटिंगन येथे १७३७ साली विद्यापीठ सुरू झाले. जेथे विद्यापीठ, तेथे ग्रंथ. आणि जेथे ग्रंथ, तेथे कागदाची भूक. युरोपातील कागद त्या काळी सुती-तागी कापडाच्या चिंध्यांपासून होत असे. गिरणीत चिंध्या आल्या की त्या निवडण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असे. पांढऱ्या चिंध्यांचा कागद लिहिण्या-छापण्यास जाई, रंगीत व जाड्याभरड्या चिंध्यांचा पुड्या बांधण्यास. कागदाचा खप वाढला, तशा चिंध्या अपुऱ्या पडू लागल्या आणि अनेक राज्यांनी त्या देशाबाहेर नेण्यास बंदी घातली.

अशा वेळी, १७७४ मध्ये, ग्यॉटिंगनचे कायद्याचे प्राध्यापक युस्टुस क्लाप्रोट यांनी एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. छापलेल्या कागदावरील शाई धुऊन काढून त्याच कागदापासून नवा कागद कसा करावा, हा तिचा विषय होता. पुस्तिका छापली होती तीही अशाच कागदावर. छपाईच्या शाईत काजळी आणि जवसाचे तेल असते, म्हणून पाण्याने ती निघत नाही. क्लाप्रोट यांनी तेल शोषून घेणारी, आपल्या मुलतानी मातीच्या जातीची माती वापरली. परंतु कल्पना प्राध्यापकांची असली, तरी लगदा ढवळून ती खरी करून दाखविणारा हात जवळच्या गावातील एका कागद करणाऱ्या कारागिराचा होता.

हा उद्योग तेव्हा रुजला नाही. लंडनमध्ये मॅथायस कूप्स यांनी १८०० साली अशाच युक्तीचे पेटंट घेतले. त्यांचा कारखानाही थोड्याच वर्षांत बुडाला. पुढे एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या लगद्यापासून स्वस्त कागद होऊ लागला आणि रद्दीची निकड सरली. जंगल हाताशी आहे तोवर रद्दी कोण धुतो?

दुसरा प्रसंग पॅरिसचा. तेथे चिंध्या वेचणारे हजारो लोक रात्री कंदील, आकडा आणि पाठीवर टोपली घेऊन रस्त्यांवरचे उकिरडे उपसत. चिंध्या कागदाच्या गिरणीत जात. हाडे सरस आणि गुंड्या करणाऱ्यांकडे जात. १८८३ मध्ये एझेन पुबेल हे तेथील प्रशासनाचे प्रमुख झाले. तेही पूर्वी कायद्याचे प्राध्यापक होते, हा एक योगायोगच. प्रत्येक घरमालकाने केरासाठी झाकणाची भांडी ठेवावीत, असा हुकूम त्यांनी काढला, आणि त्यात तीन वर्ग सांगितले: सडणारे पदार्थ, कागद व चिंध्या, आणि काच, चिनी माती व कालवांचे शिंपले. हा हुकूम १८८४ च्या जानेवारीत अमलात आला.

हुकूम शहाणपणाचा होता, यात शंका नाही. पण वेचणाऱ्यांचे पोट ज्या ढिगावर अवलंबून होते, तो ढीगच रस्त्यावरून नाहीसा होणार होता. मोठी ओरड झाली, आणि गाडी येण्यापूर्वी त्या भांड्यांतून वेचण्याची मुभा त्यांना द्यावी लागली. घरोघरचे वर्गीकरण मात्र फारसे कोणी पाळले नाही. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला आजही 'पुबेल' म्हणतात. नाव राहिले, तीन वर्ग शतकभर बाजूला पडले. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या निवडण्याचेच काम करीत आले होते, त्यांना त्या योजनेत स्थान नव्हते, ही तिची मोठी उणीव होती.

ही उणीव भरून काढण्याचा एक यत्न आपल्या पुण्यात झाला, आणि त्याचाही आरंभ विद्यापीठातून झाला. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रियांकडे अक्षरे शिकविण्यासाठी गेल्या. शिकविता शिकविता त्याही शिकल्या. कचरा घरातच वेगळा ठेवला, तर या स्त्रियांना कुंडीत हात घालावा लागणार नाही, श्रम कमी होतील आणि मालही स्वच्छ मिळेल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साहाय्याने 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही या श्रमिकांची संघटना उभी राहिली. त्यांना ओळखपत्रे मिळाली. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम हाती घेतले. 'ओला' आणि 'सुका' हे शब्द आज मराठी घरांत रुळले आहेत. ते रुळविण्यात या स्त्रियांच्या रोजच्या फेरीचा वाटा मोठा आहे.

विद्यापीठाचे आवार म्हणजे एक लहानसे नगरच असते. वसतिगृहाच्या भोजनालयातील खरकट्याचे खत होऊ शकते. परीक्षा विभागाची रद्दी पुन्हा कागद होऊ शकते. प्रयोगशाळेतील रसायन लागलेली काच मात्र भंगारात मिसळणे घातक ठरते, कारण ती निवडणाऱ्याच्या बोटांना लागते. तेव्हा तीन रंगांच्या पेट्या मांडणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग होय. त्या पेट्या पुढे कोण उघडतो, त्याला कोणता माल विकता येतो, कोणता त्याच्या हाताला जखम करतो, हे विचारण्यापासून खरे काम सुरू होते. क्लाप्रोट यांना कागद करणाऱ्याची गरज पडली. पुबेल यांना वेचणाऱ्यांपुढे नमते घ्यावे लागले. पुण्यात शिकवावयास गेलेल्यांनी आधी ऐकून घेतले. निवडणीची विद्या ज्यांच्या हातांत आहे, त्यांना विचारून मांडलेली पेटीच दीर्घकाळ उपयोगी पडेल.