मॅलेट यांचा बंगला (‘द बाइक’), माथेरान

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील माथेरान या गिरिस्थानावरचा पहिला बंगला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉयंट्झ मॅलेट यांनी तो स्वतःच्या राहण्यासाठी बांधला. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. मे 1850 मध्ये चौक गावी मुक्काम असताना मॅलेट वन ट्री हिलच्या बाजूने डोंगर चढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा येऊन राहिले. नेरळकडून वर येणारी वाट त्यांच्याच पुढाकाराने झाली.

माथेरानचा ‘शोध’ मॅलेट यांनी लावला, असे सर्रास छापले जाते. ते बरोबर नाही. धनगर, ठाकूर आणि कातकरी या डोंगरात आधीपासून वावरत होते. पाण्याच्या जागा आणि चढणीच्या वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. मॅलेट यांचे श्रेय वेगळे आहे, आणि तेही थोडे नाही: मुंबईकरांना उन्हाळ्यात इथे मुक्काम करता येईल, हे त्यांनी घर बांधून दाखवले. 1855 साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीही माथेरानवर जागा निवडली. पुढच्याच वर्षी नेरळवरून आगगाडी धावू लागली आणि बंगले वाढत गेले. मुंबईच्या धनिक पारशी आणि बोहरा कुटुंबांनीही इथे घरे केली.

माथेरानच्या जुन्या बंगल्यांची घडण डोंगराने आणि पावसाने ठरवली. पठाराचा माथाच जांभ्याचा. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो. हवा लागली की टणक होतो. दोन-चार पावसाळ्यांत त्याचा तांबडा रंग काळवंडतो आणि सांध्यांत शेवाळ धरते. म्हणून छपराचा उतार मोठा आणि वळचणी लांब. पुढे रुंद व्हरांडा, मागे मुख्य घरापासून तोडून बांधलेले स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्या, हा त्या काळातील साहेबी बंगल्यांचा नेहमीचा आराखडा. 1907 साली आदमजी पीरभॉय कुटुंबाची नेरळ-माथेरान रेल्वे सुरू होईपर्यंत सामान माणसांच्या डोक्यावरून नाहीतर तट्टांवरून वर चढे. त्या हमालांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

‘द बाइक’मध्ये आता हॉटेल चालते. माथेरान 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले असून गावातील वारसावास्तूंच्या बदलांवर निर्बंध आहेत.