खेळाडूचा शब्द आणि बंदूक

मल्लानें आखाडा सांभाळावा, राजकारणांत पडूं नये, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तें पटत नाहीं. २००२ सालच्या बंडानें आयव्हरी कोस्ट देश दुभंगला: उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे. ८ ऑक्टोबर २००५ रोजीं त्याचा फुटबॉल संघ प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला, तेव्हां दोन्ही भागांतील सोबत्यांसह गुडघे टेकून दिदिए द्रोग्बानें देशबांधवांस शस्त्रें खालीं ठेवण्याची विनवणी केली. २००७ च्या मार्चांत तह झाला. त्याचें श्रेय एकट्या द्रोग्बास देणें इतिहासास धरून होणार नाहीं. पण जूनमध्यें राष्ट्रीय संघ बंडखोरांच्या बुआके शहरीं खेळला. पुढें २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हां बंदुका चालल्या. सुमारें ३,००० माणसें मेलीं. मग तो शब्द वाया गेला काय? आम्ही तसें म्हणणार नाहीं. खेळाडूनें दार उघडावें. तें उघडें राखणें हें राज्यकर्त्यांचें व नागरिकांचें काम होय.