एका कौलावरील मुद्रा

आमच्या भंडारा जिल्ह्यांत जुन्या घरांवर नळीचे कवेलू असतात. कांहीं छपरांवर मात्र खांचेचीं चपटीं कौलें दिसतात. तीं भाजलीं कोठेंही असोत, लोक त्यांस मंगळुरीच म्हणतात. कोकणपट्टीच्या प्रवासांत एका पडक्या धर्मशाळेंतील असें कौल आम्हीं सहज उलटून पाहिलें, तों मागें रोमन लिपींत ‘बेसल मिशन’ अशी मुद्रा निघाली. धर्मप्रसारक मंडळीचें नांव विक्रीच्या मालावर कां, याचा उलगडा करणें हा या टिपणाचा हेतु आहे.

स्वित्झर्लंडांतील बेसल येथें १८१५ सालीं हें मिशन स्थापन झालें व १८३४ सालीं त्याचे पाद्री मंगळुरास आले. तेथें बाप्तिस्मा घेणाऱ्यास बहुधा घर, कसावयाची जमीन व जातीचा धंदा यांस मुकावें लागे. त्याच्या निर्वाहाचें ओझें मिशनवर पडे. आणि नुसतें अन्नदान करावें, तर मनुष्य कायमचा परावलंबी व्हावयाचा. म्हणून १८५१ पासून हालर याच्या देखरेखीखालीं विणकाम वाढविण्यांत आलें, १८५९ सालीं स्वतंत्र व्यापारी कंपनी निघाली आणि १८६५ सालीं प्लेब्स्ट यानें जेप्पू येथें, नेत्रावतीच्या कांठीं, कौलांचा कारखाना घातला. भागीदारांस मर्यादित व्याज मिळे. उरलेला नफा धर्मकार्याकडे जाई.

येथेंच खरा प्रश्न उपस्थित होतो. ज्याच्या हातीं मजुरी त्याच्याच हातीं उपदेश असतां, कारागिराची श्रद्धा कोणती आणि चाकरी कोणती, हें निवडावें कसें? ‘पोटासाठीं धर्म’ हा आक्षेप आम्हांस अगदींच खोटा वाटत नाहीं. पण तो अपुरा आहे. ज्या गांवानें त्या मनुष्यास वाळींत टाकिलें, त्या गांवाचाही या कारखान्याच्या पायाभरणींत वांटा आहे, हें आक्षेपकानें विसरूं नये.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें. मिशनऱ्यांत जर्मन पुष्कळ होते; इंग्रज सरकारनें त्यांस अटकेंत ठेविलें, व १९१९ सालीं कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. ज्या व्यापारानें मिशनास स्वावलंबन दिलें, तो मिशनच्या हातून गेला. कौलें मात्र भाजलीं जातच राहिलीं.

पोथ्यांसाठीं माळ्यावर चढणाऱ्या सभासदांनीं एखादें निखळलेलें कौलही उलटून पाहावें, आणि मुद्रेचा ठसा व ठिकाण मंडळास कळवावें, अशी आमची विनंति आहे.