सद्दाम नावाची पिढी

शाळेचे जनरल रजिस्टर हेही इतिहासाचे साधन आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. राजांच्या सनावळ्या त्यात नसतात. पण कोणत्या साली आईबापांच्या मनात काय होते, ते मुलांच्या नावांवरून कळते. आमच्या उर्दू शाळेच्या जुन्या पानांवर दस्तगीर, मेहबूब, मलंग, चाँद अशी नावे भेटतात. ती दर्गे, उरूस आणि नवसांतून आलेली. १९९६-९७ च्या पहिलीच्या प्रवेशांत मात्र एक नवे नाव दिसू लागते: सद्दाम हुसेन. हे नाव रेडिओ आणि दूरदर्शनच्या बातम्यांतून आले.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. १७ जानेवारी १९९१ पासून अमेरिका व मित्रराष्ट्रांनी बगदादवर बॉम्बफेक सुरू केली. इराकची स्कड क्षेपणास्त्रे इस्राएलवर पडली आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांत सद्दाम वीर ठरला. इथे ते दिवस रथयात्रेचे आणि दंगलींचे होते. धास्तावलेल्या माणसाला दूरचा का होईना, छाती काढून उभा राहणारा कुणीतरी हवा होता. अकीक्याला तेच नाव पुकारले गेले.

गंमत अशी, की कुवेतमध्ये कामाला असलेले आपले कोकणी मुसलमान याच सद्दाममुळे रोजगार गमावून अम्मानमार्गे घरी परतले. त्या वेळी एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे विषारी वायूने मारले गेलेले हजारो कुर्दही मुसलमानच होते. शेजारच्या इराणशीही आठ वर्षे युद्ध चालले होते. नाव ठेवताना हे कुणी आठवले नाही.

अरबीत सद्दाम म्हणजे धडक देणारा. हुसेन हे त्याच्या वडिलांचे नाव. आपण दोन्ही जोडून एकच नाव केले आणि करबलाच्या शहीदाचे पाक नाव एका हुकूमशहाच्या नावामागे उभे केले.

३० डिसेंबर २००६ रोजी त्याला फाशी झाली. त्यापूर्वीच नव्या प्रवेशांतून हे नाव ओसरले होते. पुढच्या पानांवर अयान, रेहान, अरहान आले. लाट गेली, पण लाटेत नाव मिळालेली मुले मोठी झाली. २०१७ साली झारखंडमधल्या एका जहाज-अभियंत्याची बातमी आली होती. चांगले गुण असूनही या नावापायी त्याला नोकरी मिळेना, म्हणून त्याने नाव बदलून घेतले. आपल्याकडेही राजपत्रात नाव बदलता येते. मात्र दाखला, गुणपत्रिका, पॅनकार्ड, पासपोर्ट यांसाठी पुढे किती खेटे घालावे लागतात, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

नाव पाहून अर्ज बाजूला सारणारा अन्याय करतो, यात वाद नाही. बगदादच्या राज्यकर्त्याचा हिशेब आमच्या मोहल्ल्यातल्या पोराने का द्यावा? पण आपल्यालाही एक प्रश्न आहेच. मुलाला चांगल्या अर्थाचे नाव देणे हा त्याचा बापावरचा हक्क, असे आपला दीन सांगतो. बापाचा राग चार महिन्यांत निवतो. नाव मुलाला जन्मभर वागवावे लागते. आजचे सद्दाम पस्तिशीला आले आहेत. ते आता स्वतःच्या मुलांना शाळेत घेऊन येतात आणि अर्जावर वडिलांचे नाव या रकान्यात ते नाव पुन्हा एकदा लिहिले जाते.