मोडीची चांदी

1876 साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि पुढची दोन-तीन वर्षं मुंबईच्या टाकसाळीत वेगळाच माल येत राहिला. एरवी तिथे यायच्या त्या बोटीतून उतरलेल्या चांदीच्या लगडी. आता त्यांच्या जोडीला वाळे, तोडे, कडी, कमरपट्टे येऊ लागले. भट्टीत जायचे आणि राणीच्या छापाचे रुपये होऊन बाहेर पडायचे.

हे दागिने घेऊन शेतकरी स्वतः काही बोरीबंदरला उतरला नव्हता. गावच्या सोनाराने किंवा सावकाराने ते घेतले, त्याच्याकडून तालुक्याच्या पेढीवर गेले, तिथून मुंबईच्या चांदीवाल्याकडे. वाटेतल्या प्रत्येकाने आपला हात ओला करून घेतला. तरी एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूची होती. 1835 च्या कायद्याने रुपयाचं वजन 180 ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ठरवलं होतं. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. चांदी आणून देणाऱ्याला टाकसाळ शेकडा सुमारे दोन कापून बाकीचे रुपये पाडून देई. त्यामुळे दागिन्याचा तोळा आणि रुपया यांत फार अंतर पडत नसे. सराफाने कितीही खेचलं तरी त्या खेचण्याला हद्द होती.

ती हद्द 26 जून 1893 रोजी नाहीशी झाली.

जर्मनीसारख्या देशांनी सोन्याचं चलन धरलं होतं, अमेरिकेतल्या खाणींतून चांदी उपसली जात होती, आणि चांदीबरोबर रुपयाही घसरत चालला होता. पूर्वी दोन शिलिंगांच्या घरात असणारा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनला पौंडांत रक्कम पोहोचवणाऱ्या सरकारला हे परवडेना. म्हणून लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणं बंद झालं. रुपया दुर्मिळ करून त्याचा भाव 16 पेन्सांवर टेकवला गेला. चांदी मात्र घसरतच राहिली. ब्रिटिश सरकारचा हिशेब जमला, पण तो कुणाच्या हातापायांतल्या दागिन्यांवर जमला हे सहा वर्षांनी उघडं झालं.

1899-1900 चा दुष्काळ 1876 पेक्षा कमी नव्हता. पुन्हा तोडे निघाले, पुन्हा वाळे निघाले. या वेळी एका रुपयातली चांदी लंडनच्या भावाने जेमतेम दहा-साडेदहा पेन्सांची होती. म्हणजे रुपयाच्याच वजनाचा आणि रुपयाच्याच कसाचा दागिना मोडला, तर बाजारात त्याचे दहा-अकरा आणे होणार. सराफाची काटछाट त्यानंतर. ज्या बाईने वीस वर्षांपूर्वी रुपये आटवून तोडे घडवले होते, तिची एक तृतीयांश पुंजी कुणीही हात न लावता गेली होती. शिवाय घडणावळ गेली ती वेगळीच.

सराफ भाव चढण्यावर कमावतो, असा समज आहे. सावध सराफ उलट भावापासून लांब राहतो. सकाळी मोड, म्हणजे मोडीत निघालेला जुना दागिना, घेतली की तेवढीच चांदी संध्याकाळपर्यंत विकून मोकळा. त्याची खरी मिळकत वजन आणि टंच, म्हणजे धातूची शुद्धता, यांच्यामधल्या फटीत असते. दागिन्यात जोडाचा डाख असतो, तांबं असतं, पोकळ कड्यात लाख असते, कडेला मळ असतो. समजा, शंभर तोळ्यांच्या मालात ऐंशी तोळे शुद्ध चांदी आहे आणि सराफाने अंदाजे पंचाहत्तर धरली. मधले पाच तोळे त्याचे. अंदाज उलटला तर नुकसानही त्याचंच, म्हणून तो कायम आपल्या बाजूने चुकतो. आणि जुन्याच्या बदल्यात नवं घेणारं गिऱ्हाईक त्याला सगळ्यांत प्रिय, कारण तिथे घट एकदा मिळते आणि घडणावळ दुसऱ्यांदा.

पहिल्या महायुद्धात चांदीच्या भावाचं चक्र उलटं फिरलं. चांदी इतकी महागली की रुपयातली चांदीच रुपयाहून जड होऊ लागली. 1917 मध्ये रुपये वितळवण्यावर बंदी आली, त्याच वर्षी एक रुपयाची कागदी नोट निघाली, आणि 1918 मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून भारतासाठी 20 कोटी औंस चांदी मोकळी केली. पुढे 1940 मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली, 1947 मध्ये निकेलचा रुपया आला. रुपया आणि दागिना यांचं नातं तिथे तुटलं.

वजन आणि टंच यांच्यामधली ती फट मात्र बुजली नाही. उलट तिच्यावर सांगली-साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्याने संसार उभे केले. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव इथले गलाई कारागीर, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, केरळपासून बंगाल-पंजाबपर्यंतच्या सराफ कट्ट्यांत जाऊन बसले. काम चटके देणारं. अशुद्ध सोन्यात मुद्दाम चांदी मिसळून वितळवायचं, मग नत्राम्लात टाकायचं. चांदी आणि तांबं आम्लात विरघळतं, सोनं तळाशी राहतं. त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी परत खाली बसते. यात मजुरी मिळतेच; पण सोनाराला रोख हवी असेल तर गलाईवाला लगड स्वतःच विकत घेतो. टंच त्याने स्वतः काढलेला असल्यामुळे त्याला सराफासारखा अंदाज बांधावा लागत नाही.

अशी शुद्ध झालेली चांदी कोल्हापूरजवळच्या हुपरीत पोहोचली की तिचे पुन्हा पैंजण होतात. घाऊक बाजारात त्यांचा व्यवहार बऱ्याचदा रुपयांऐवजी थेट चांदीत चालतो. माल इतक्या टंचाचा, वर मजुरीचे इतके टक्के, मिळून एवढी शुद्ध चांदी द्या. भाव चढो की उतरो, कारखानदाराची मजुरी चांदीत सुरक्षित.

सराफ-सोनारांच्या पेढ्यांच्या दारात झारेकरी उभा असतो. दुकानाचा केर, मुशीची राख, गटारातला गाळ तो धुतो आणि त्यातून कण काढतो. सोनार हा केर फुकट देत नाही. तो विकतो, आणि किती दिवसांचा साठलाय यावरून घासाघीस होते.