वणव्यावरच्या बंदिवानांची कुळकथा

माघ सरत आला, की जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या पश्चिम अंगाला, जिथे कुकडी, मीना आणि घोड या नद्या सह्याद्रीच्या कुशीतून निघून पूर्वेची वाट धरतात, तिथल्या डोंगरउतारांवरचे गवत वाळून पिवळे पडते. आणि मग होळीच्या आगेमागे एखाद्या रात्री, कुणाच्या विडीच्या थोटकाने, कुणी राब भाजत असता उडालेल्या ठिणगीने, किंवा जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने फुटते या पिढीजात समजुतीने ओढलेल्या काडीने, आगीची लाल रेघ कड्यावरून कड्यावर चढत जाते. त्या चढणीवर पाण्याचा बंब पोचत नाही, आणि पोचला तरी त्यात भरायला त्या दिवसांत डोंगरावर पाणी नसते. वणव्याशी सामना करायचा तो हिरव्या डहाळ्या, कोयता, फावडे आणि माणसांचे हात एवढ्या सामग्रीनिशी. आग पुढे जिथे येणार तिथले गवत आधीच कापून किंवा जाळून जमिनीचा एक उघडा पट्टा राखायचा, म्हणजे तिथवर येऊन तिला खाद्य उरत नाही. या पट्ट्याला वनखात्यात जाळरेषा म्हणतात, आणि ती थंडी संपण्याच्या आत निघाली नाही, तर हिरड्याची झाडे होरपळतात. ज्या बाळहिरड्याच्या वेचणीवर इथल्या महादेव कोळी कुटुंबांचे उन्हाळ्याचे चार पैसे अवलंबून, तो मोहरासकट जातो, आणि भीमाशंकरच्या रानाच्या कडेने शेकरूची घरटीही धोक्यात येतात.

प्रश्न असा, की हे हात आणायचे कोठून? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याचे एक विलक्षण उत्तर शोधले: तुरुंगातून. शिक्षा भोगणाऱ्या स्त्री-पुरुषांना आग विझवण्याचे रीतसर शिक्षण देऊन भोवतालच्या गावांच्या रक्षणासाठी पाठवण्याची ही प्रथा आज तिथे शासनव्यवहाराचा भाग झालेली आहे. ती कोणत्या कुळातून आली हे पाहू लागले, की तिच्या काही शाखा आपल्याही अंगणात निघतात.

कैदेशी जुन्नरच्या डोंगरांचा संबंध फार जुना. १५९५ मध्ये इब्राहिम निजामशहा पडला, तेव्हा त्याचा अल्पवयीन पुत्र बहादूर याला चावंडच्या किल्ल्यावर अटकेत ठेवण्यात आले, आणि चांदबिबीने अहमदनगर लढवल्यानंतर १५९६ साली त्याच मुलाला गडावरून उतरवून तख्तावर बसवले गेले. पेशवाईतही डोंगरी किल्ले हेच सरकारी बंदीखाने होते. त्या काळच्या कैदेचा हेतू माणूस नजरेआड करणे हा. त्याच्या हातून समाजाचे काही काम व्हावे, हा विचार त्यात प्रधान नव्हता. तो विचार कंपनी सरकारच्या अंमलात आला आणि आला तो पायात बेड्या घेऊन. साखळदंडाने जखडलेल्या कैद्यांच्या टोळ्या रस्त्याच्या कामावर जुंपण्याचा शिरस्ता सर्वत्र पडला. १८३६ साली नेमलेल्या तुरुंग-शिस्त समितीने, जिचा मेकॉले हा एक सभासद होता, १८३८ च्या आपल्या अहवालात या शिरस्त्यावर कठोर टीका केली. तिचे मुख्य म्हणणे असे, की मोकळ्या हवेतल्या या कामात ना शिस्त राहते ना शिक्षेचा धाक. तेव्हा कैद्याला भिंतीच्या आतच ठेवावे आणि कंटाळवाण्या श्रमांना लावावे. येरवड्याच्या उंच भिंती १८७१ साली उभ्या राहिल्या, त्या याच विचारपरंपरेत.

या काळात एक अपवाद महाबळेश्वरी घडला. पूर्वेच्या सामुद्रधुनी प्रांतातून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवण्यासाठी १८३४ साली तिथे सुमारे १२० जणांचा तुरुंग बांधला गेला, आणि त्या परक्या माणसांनी गिरिस्थानाचे रस्ते केले, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ साली तो तुरुंग मोडला. आज पर्यटक ज्या वळणावळणाच्या वाटांवरून फिरतात, त्या वाटांच्या निर्मात्यांची नावे कोणाच्याही ओठी नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

आता त्या दूरच्या राज्याकडे वळू. कॅलिफोर्नियात १९१५ पासून कैद्यांना रस्ते बांधण्याच्या तळांवर नेण्याची वहिवाट होती. दुसऱ्या महायुद्धात तरुण माणसे आघाडीवर गेली, वनखात्याचे मनुष्यबळ आटले आणि रानातल्या आगी मात्र पूर्ववत लागत राहिल्या. तेव्हा तुरुंगखात्याने तात्पुरत्या तळांवर कैदी पाठवण्यास आरंभ केला, आणि युद्धाच्या काळात असे ४१ तळ झाले. म्हणजे या प्रथेचे मूळ कोणा तत्त्वचिंतकाच्या करुणेत नसून निव्वळ अडचणीत आहे. १९४६ साली सॅन दिएगो परगण्यात रेनबो नावाचा पहिला कायमचा तळ सुरू झाला. तोच तळ १९८३ मध्ये स्त्री-कैद्यांकडे देण्यात आला.

तिथले काम आपल्या जाळरेषेचेच, पण अधिक कठोर. बारा ते सतरा जणांची तुकडी एका मागोमाग एक अशी चालते. पुढच्याच्या हाती करवत, त्यामागे कुऱ्हाड आणि कुदळ एका दांड्यावर जोडलेली हत्यारे, शेवटी दाताळे. झुडूप तोडायचे, मुळे उपटायची, पालापाचोळा ओढून टाकायचा आणि खालची निखळ माती उघडी पडेपर्यंत जमीन खरवडायची. असे चोवीस चोवीस तास चालते. या तळांना तुरुंगासारखे तट नसतात. जाळपोळीचा, लैंगिक अत्याचाराचा किंवा पळून जाण्याचा दोष ज्याच्या नावावर आहे त्याला तिथे घेत नाहीत. बाकीच्यांनी स्वतः होऊन अर्ज करायचा, वर्गातले पाठ आणि मैदानावरची कवाईत पुरी करायची, आणि मग तळावरच्या एका दिवसापोटी बहुतेकांची शिक्षा दोन दिवसांनी घटते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वस्त्या जळू लागल्या, तेव्हा हजाराहून अधिक कैदी त्या आगींवर होते.

इतके वाचून मन भरून येते, परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून पुढे जाणे न्यायाचे नाही. या माणसांना पुष्कळ वर्षे आगीवरच्या तासाला एक डॉलर एवढेच जादा मिळत असे. २०१६ साली मालिबूच्या डोंगरात आगीवर असताना वरून दगड कोसळून एक बावीस वर्षांची कैदी तरुणी मरण पावली. तिच्या सुटकेला थोडेच आठवडे उरले होते. आणि जे सुखरूप सुटत, त्यांना बाहेर पडल्यावर शहराच्या अग्निशमन दलात प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य असे, कारण त्या नोकरीस लागणारा प्राथमिक वैद्यकीय सेवेचा परवाना जुन्या गुन्ह्यामुळे नाकारला जाई. ज्या हातांनी गाव वाचवले तेच हात गावाने नंतर झिडकारावेत, हा अन्याय दूर करण्याचा पहिला गंभीर प्रयत्न २०२० सालच्या कायद्याने झाला, ज्यामुळे अशा माणसाला न्यायालयाकडे जाऊन आपल्या नावावरचा गुन्हा पुसून मागता येऊ लागला. आणि आगीवरच्या कामाला तासाला सव्वासात डॉलर देण्याचा कायदा व्हायला २०२५ साल उजाडावे लागले. ही ढिलाई आकस्मिक नव्हे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नाहीशी केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी तेवढी शिल्लक ठेवली.

आपली घटना या बाबतीत वेगळ्या मातीची आहे. तिच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली निवाडा दिला, की सक्तमजुरीच्या कैद्यालाही त्याच्या श्रमाचे रास्त वेतन मिळाले पाहिजे, व त्यातला काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी बाजूला काढावा. मात्र जंगलाचा कायदा त्याहून जुन्या वळणाचा. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन, ज्यांची नेमणूक १८४७ ची, हे जुन्नर तालुक्यातच नारायणगावाजवळच्या हिवऱ्यास वनस्पतींची बाग राखून राहत, आणि १८६७ साली तिथेच वारले. त्यांच्या पश्चात सरकारी राखीव रानांचा जो कायदा १८७८ साली झाला आणि १९२७ साली नव्याने लिहिला गेला, त्याच्या एकोणऐंशीव्या कलमाप्रमाणे रानात चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क उपभोगणाऱ्या प्रत्येकाने वणवा विझवण्यास मदत केलीच पाहिजे, न केल्यास महिनाभर कैद किंवा दोनशे रुपये दंड. म्हणजे आमच्याकडे आगीवर न गेलेला गावकरी तुरुंगात जाऊ शकतो, आणि तिकडे तुरुंगातला माणूस आगीवर जातो. दोन्हीकडे धगीसमोर उभे करण्यासाठी राज्यसत्तेने असेच लोक निवडले, ज्यांना नाही म्हणण्याची सोय थोडी.

सुदैवाने या कुळात आपली एक निराळी शाखा आहे, आणि ती मला सर्वांत श्रेष्ठ वाटते. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत, १९३९ च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. तिथे खुनासारख्या गुन्ह्याचे कैदी बेड्यांवाचून शेती करू लागले, आणि त्यांची बायकामुलेही त्यांच्याजवळ राहू लागली. आटपाडीकडच्याच माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, हे सर्वश्रुत आहे. पण चित्रपट संपला तरी वसाहत चालू राहिली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कॅलिफोर्नियाने आधी काम काढले आणि मग विश्वास टाकला. औंधाने आधी विश्वास टाकला, काम त्यामागून आले.

महाराष्ट्रात आज येरवडा, पैठण अशी खुली कारागृहे आहेत आणि त्यांतले बंदी शेती करतात. येरवड्याहून जुन्नर शंभर किलोमीटरही नाही. जे बंदी स्वखुशीने तयार होतील त्यांचा एखादा तळ पौषापासून डोंगराच्या पायथ्याशी पडावा, महादेव कोळी आणि ठाकर वाटाड्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जाळरेषा काढाव्यात, आणि फाल्गुनात वणवा लागला तर गावकऱ्यांच्या बरोबरीने त्यावर जावे, ही कल्पना मला अशक्य वाटत नाही. पण तिच्या आधी तीन गोष्टी कागदावर पक्क्या झाल्या पाहिजेत: वनमजुराला जो रोज मिळेल तोच बंदिवानाला, आणि आगीवर धावलेल्या गावकऱ्यालाही, इजा किंवा मृत्यू झाल्यास दोघांना वा त्यांच्या वारसांना सारखी भरपाई, आणि सुटून आलेला माणूस वनखात्याच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन दलाच्या भरतीत उभा राहील, तेव्हा पोलिसांच्या चारित्र्य-पडताळणीत त्याच्या गुन्ह्याच्या शेजारी त्याने काढलेल्या जाळरेषांचीही नोंद.