शिरूर नेमके कोणते?

सर्च बॉक्समध्ये नुसते 'शिरूर' लिहिले तर यंत्राने काय दाखवावे? पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, बीडमध्ये शिरूर कासार, आमच्या लातूर जिल्ह्यातच अहमदपूरकडे शिरूर ताजबंद आणि इकडे शिरूर अनंतपाळ. म्हणून गावासमोर तालुका आणि जिल्हा दिसायलाच हवा.

पण जिल्हा तरी कोणता? निजामाच्या राज्यात आमचा निलंगा भाग बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादेत आला, १९८२ साली लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ वेगळा तालुका झाला. आजोबांच्या कागदावर बीदर, वडिलांच्या कागदावर उस्मानाबाद, मुलाच्या दाखल्यावर लातूर. घर मात्र जागचे हलले नाही. आधी आजचा जिल्हा निवडायला लावणारा सर्च बॉक्स हा इतिहास विसरतो.

नावांचेही तसेच. निजामकाळात सरकारी दफ्तर उर्दूत होते. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरे 'हसन' वाचता येतात आणि 'हुस्न'ही. 'ज़'साठी उर्दूत चार अक्षरे आहेत. मराठीत येताना एकाच माणसाचा कुठे 'जाकीर' झाला, कुठे 'झाकीर'. शेख-शेक, सय्यद-सैयद हे तर रोजचेच. आपल्याला ते एकच नाव वाटते, यंत्राला दोन वेगळे शब्द.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली. जुने दफ्तर वाचणारा कारकून एक नाव चार तऱ्हेने वाचून पाहायचा. सर्च बॉक्स बनवणाऱ्यानेही तेच करावे. मिळतीजुळती नावे दाखवावीत, जुना जिल्हाही चालू द्यावा. चौकटीत नाव लिहायचे की गट नंबर, हे चौकटीच्या वर ठळक लिहावे. काही मिळाले नाही तर लिहिलेले पुसून टाकू नये, दुरुस्त करू द्यावे.

मुख्य म्हणजे 'नोंद आढळली नाही' एवढ्यावर थांबू नये. न सापडणे आणि नसणे यांत फरक आहे. जमिनीचा किंवा जातीचा पुरावा शोधणारा माणूस ते एक वाक्य वाचून घरी परततो आणि त्याच्या आजोबांचे नाव दफ्तरात तसेच पडून राहते.